सौम्य रक्तदाब, ताठर धमन्या आणि औषधाची वेळ



ही व्याख्यानमाला एका डॉक्टरांच्या स्मरणार्थ चालते. म्हणून आजच्यासाठी मी दवाखान्यात रोज समोर येणारा विषय निवडला. पंचेचाळिशीचा एक माणूस नोकरीतल्या वार्षिक तपासणीला जातो. त्याला कसलाही त्रास नसतो. रक्तदाब निघतो 148 आणि 94. पंधरा दिवसांनी पुन्हा मोजला तरी जवळपास तेवढाच. मग तो विचारतो, ‘डॉक्टर, मला काहीच होत नाही. गोळी कशाला? एकदा सुरू केली की आयुष्यभर मागे लागते म्हणतात.’

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला धाकदपटशाने उत्तर देऊ नये. पक्षाघात, हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणं ही नावं घेऊन घाबरवता येतं, पण घाबरलेला माणूस दोन महिने गोळी घेतो आणि तिसऱ्या महिन्यात सोडतो. त्याला समजेल असं उत्तर त्याच्या धमन्यांच्या भिंतींत आहे. तिथे आज काय चाललं आहे, औषधाने त्यात काय बदलतं आणि काय बदलत नाही, एवढंच मी सांगणार आहे.

आधी महाधमनीचं काम पाहू. हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त महाधमनीत फेकतं. दिवसाला असे सुमारे एक लाख ठोके पडतात. हृदयाचं फेकणं थांबून थांबून होतं, पण मेंदूला, मूत्रपिंडांना रक्त अखंड हवं असतं. ही अखंडता महाधमनी देते. ठोका पडताच ती फुगते, आलेल्या रक्तापैकी जवळजवळ निम्मं स्वतःत साठवते आणि हृदय विसावतं तेव्हा आक्रसून ते पुढे ढकलते. इंग्लंडमधले धर्मोपदेशक स्टीफन हेल्स यांनी 1733 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हे ओळखलं होतं. घोडीच्या धमनीत नळी बसवून तिला त्यांनी उभी काचनळी जोडली आणि रक्त 8 फूट 3 इंच चढलेलं पाहिलं. रक्तदाबाचं ते पहिलं मोजमाप. त्याच हेल्सनी धमन्यांची तुलना आगीच्या बंबातल्या हवेच्या कुपीशी केली. बंब हाताने हापसला तरी कुपीतल्या दाबलेल्या हवेमुळे पाण्याची धार सलग निघते. पुढे 1899 मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ ओटो फ्रँक यांनी या कल्पनेला गणिताचं रूप दिलं.

महाधमनीला हे साधतं ते तिच्या मधल्या थरामुळे. त्यात मुख्यतः दोन प्रकारचे तंतू असतात. इलॅस्टिन ताणलं जातं आणि परत मूळ लांबीवर येतं. कोलॅजन फारसं ताणलं जात नाही, ते भिंत फाटू देत नाही. इलॅस्टिन गर्भावस्थेत आणि बालपणात तयार होतं, प्रौढपणी शरीर ते नव्याने जवळजवळ घडवत नाही. म्हणजे विसाव्या वर्षी जे इलॅस्टिन आपल्याकडे आहे, त्याच्यावरच सत्तरी गाठायची असते. दररोजच्या लाखभर ताणांनी ते झिजतं आणि तुटतं. तुटलेल्या जागी कोलॅजन वाढतं, पुढे कॅल्शियमही साचतं. मधुमेहात साखरेमुळे कोलॅजनचे तंतू एकमेकांत अडकतात. धूम्रपान, मूत्रपिंडाचा आजार, जास्त मीठ, अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन ही संप्रेरकं या सगळ्यांनी हा क्रम वेगाने होतो.

इथे एक गल्लत टाळायला हवी. ‘ब्लॉकेज’ म्हणून जे आपण ऐकतो, ते धमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी साचल्याने होतं. मी बोलतो आहे तो ताठरपणा मधल्या थराचा आहे. दोन्ही पुष्कळदा सोबत असतात, पण अँजिओग्राफी निर्दोष निघालेल्या माणसाची महाधमनीही ताठ असू शकते.

आता आजच्या विषयाचा गाभा. दाब कमी असताना भिंतीवरचा ताण इलॅस्टिन पेलतं. दाब वाढत गेला की तो ताण कोलॅजनवर जातो. म्हणून एकच धमनी, कोणताही बिघाड न होता, 120 च्या दाबाला जितकी लवचिक असते तितकी 150 ला नसते. याचा अर्थ रक्तदाब वाढलेल्या माणसाच्या धमनीत ताठरपणाचे दोन वाटे असतात. एक वाटा निव्वळ दाबाचा, तो दाब उतरताच उतरतो. दुसरा वाटा भिंतीच्या रचनेचा, इलॅस्टिन तुटल्याचा आणि कोलॅजन वाढल्याचा. तो सावकाश चढतो आणि उतरलाच तर फार सावकाश उतरतो. सौम्य रक्तदाबाच्या सुरुवातीच्या वर्षांत पहिला वाटा बराच मोठा असतो. जसजशी वर्षं उपचाराविना जातात, तसतसा दुसरा वाटा वाढत जातो. औषधाची वेळ ठरवताना हा हिशोब डोळ्यांपुढे असायला हवा.

हा ताठरपणा मोजायचा कसा? मनगटावर बोट ठेवल्यावर जाणवते ती रक्ताची धाव नव्हे, ती दाबाची लाट. रक्त स्वतः त्या लाटेपेक्षा पुष्कळ हळू वाहतं. तरुण, लवचिक महाधमनीत लाट सेकंदाला पाच-सहा मीटर जाते. भिंत ताठ झाली की ती दहा मीटरच्या पुढे जाते. थॉमस यंग यांनी 1808 च्या व्याख्यानात लाटेचा वेग आणि भिंतीची लवचिकता यांचा संबंध मांडला. 1878 मध्ये मोएन्स आणि कोर्टेवेग या डच अभ्यासकांनी त्याचं समीकरण पक्कं केलं. आजची तपासणी त्याच पायावर उभी आहे. मानेतल्या आणि जांघेतल्या नाडीवर संवेदक ठेवून लाटेला लागणारा वेळ मोजतात. वेग सेकंदाला 10 मीटरहून जास्त असेल तर महाधमनी ताठ झाल्याचं मानतात.

वेग वाढल्याने बिघडतं ते असं. लाट शाखांपर्यंत जाऊन परावर्तित होते आणि हृदयाकडे परतते. लवचिक धमन्यांत ती हृदय विसावलेलं असताना पोचते आणि हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांत रक्त जायला मदत करते. ताठ धमन्यांत ती लवकर पोचते, हृदय अजून रक्त बाहेर फेकत असतानाच. मग हृदयाला आपल्याच लाटेविरुद्ध जोर लावावा लागतो. वरचा आकडा चढतो, खालचा उतरतो, दोघांतलं अंतर वाढतं. 1948 मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम अभ्यासात हेच दिसलं: पन्नाशी-पंचावन्नच्या पुढे वरचा रक्तदाब वाढत राहतो आणि खालचा उतरू लागतो. पुष्कळ ज्येष्ठ मंडळी ‘खालचं बीपी आता छान आहे’ म्हणून खूश होतात. वरचं 165 आणि खालचं 70 असेल, तर ते खालचं 70 बहुधा ताठ महाधमनीची खूण असते. मेंदू आणि मूत्रपिंड यांच्या नाजूक वाहिन्यांवर अशा वेळी प्रत्येक ठोक्याचा आघात थेट पोचतो, कारण तो झेलणारी कुपीच कडक झालेली असते.

ही गोष्ट पहिल्यांदा ज्यांनी पाहिली त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कोणी घेत नाही. फ्रेडरिक अकबर महोमेद, लंडनच्या गाइज रुग्णालयातले डॉक्टर. त्यांचे आजोबा शेख दीन महोमेद मूळचे पाटण्याचे. 1810 मध्ये लंडनमध्ये भारतीय खाद्यगृह उघडणारे तेच. फ्रान्सच्या मारे यांनी 1860 मध्ये नाडीची लाट कागदावर उमटवणारं यंत्र बनवलं होतं. महोमेदांनी ते सुधारलं आणि रुग्णांच्या नाडीच्या आलेखांचा अभ्यास केला. तोवर नाडीतला चढा ताण म्हणजे मूत्रपिंडाचा रोग अशी समजूत होती. महोमेदांनी दाखवलं की लघवीत प्रथिनं नसलेल्या, चालत्याफिरत्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या माणसांच्या नाडीतही तोच चढा ताण असतो. आज आपण ज्याला लक्षणरहित उच्च रक्तदाब म्हणतो, त्याचं ते पहिलं वर्णन. 1884 मध्ये विषमज्वराने ते गेले, तेव्हा ते 35 वर्षांचे होते. त्यानंतर 1896 मध्ये रिव्हा-रोची यांचा दंडाला बांधायचा पट्टा आला, 1905 मध्ये कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकायची रीत दिली, आणि रक्तदाब दोन आकड्यांत मावू लागला. त्या सोयीने लाखो जीव वाचले. पण त्या सोयीपायी नाडीच्या लाटेचा आकार वैद्यकाच्या नजरेआड गेला, तो विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत.

ही लाट पुन्हा पाहू लागल्यावर दोन महत्त्वाच्या गोष्टी कळल्या. एक, ताठरपणा पुढच्या धोक्याचा स्वतंत्र अंदाज देतो. 2001 मध्ये पॅरिसच्या लोराँ आणि सहकाऱ्यांनी रक्तदाबाच्या 1,980 रुग्णांवरून हे दाखवलं. 2010 मध्ये 17 अभ्यासांचा एकत्रित विचार झाला, त्यात पंधरा हजारांहून जास्त माणसं होती. लाटेचा वेग सेकंदाला 1 मीटरने जास्त असला तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजारांचा धोका सुमारे 15 टक्क्यांनी जास्त आढळला. दुसरी गोष्ट 2012 मध्ये फ्रॅमिंगहॅमच्या पुढच्या पिढीत दिसली. ज्यांची महाधमनी आधीच ताठ होती, त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत रक्तदाब चढण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे रक्तदाबाने धमनी ताठ होते, हे खरंच, पण धमनी ताठ होऊ लागल्यानेही रक्तदाब चढतो. एकदा हे चक्र फिरू लागलं की ते स्वतःलाच जोर देतं. ते कुठेतरी तोडावं लागतं, आणि सर्वांत सहज हाताशी येणारी जागा म्हणजे दाब.

मग औषधांनी नेमकं काय होतं? सौम्य ते मध्यम रक्तदाब असलेल्या, आधी उपचार न घेतलेल्या 294 रुग्णांच्या माहितीचं एकत्रित विश्लेषण 2011 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातून तीन निष्कर्ष निघाले. औषधाने महाधमनीचा ताठरपणा काही आठवड्यांतच घटतो. काही महिने उपचार चालला तर प्रमुख औषधगटांत फारसा फरक उरत नाही, सगळ्यांनीच घट होते. आणि ही घट केवळ दाब उतरल्याने जितकी व्हावी त्याहून जास्त असते, म्हणजे भिंतीतही काही बदल होतो. फ्रान्समधल्या आणखी एका पथकाने 97 रुग्णांना पाच वर्षांहून अधिक काळ पाहिलं. नेहमीच्या उपचारांवर त्यांच्या लाटेचा वेग घटत गेला, आणि रक्तदाबातल्या घटीने त्यातल्या थोड्याच भागाचा उलगडा झाला. भिंत सावकाश सुधारते, याचा हा आशा वाटावी असा पुरावा आहे.

औषधांच्या गटांविषयी थोडक्यात सांगतो. एसीई इन्हिबिटर आणि एआरबी, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ येतं ती औषधं, अँजिओटेन्सिनची वाट अडवतात, म्हणून भिंतीत कोलॅजन वाढण्यावरही त्यांचा लगाम असतो. अॅम्लोडिपिनसारखी औषधं धमन्यांच्या स्नायूंना सैल करतात. लघवी वाढवणारी औषधं मीठ आणि पाणी बाहेर काढतात. बीटा ब्लॉकरची गोष्ट थोडी वेगळी आहे. 2006 च्या ‘कॅफे’ अभ्यासात दोन हजारांहून जास्त रुग्ण होते. अॅम्लोडिपिनवर आधारित आणि अॅटेनोलॉल या बीटा ब्लॉकरवर आधारित अशा दोन उपचारांत दंडावरचा रक्तदाब जवळजवळ सारखाच उतरला. पण महाधमनीतला वरचा दाब अॅम्लोडिपिनच्या गटात सुमारे 4 अंकांनी कमी होता. हृदयाची गती मंदावली की प्रत्येक ठोका लांबतो आणि परतणारी लाट ठोक्याच्या आतच येऊन पडते, हे त्यामागचं एक कारण. म्हणून नुसत्या सौम्य रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर आज पहिली निवड सहसा नसते. मात्र हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना, हृदय कमकुवत असलेल्यांना किंवा ठोके अनियमित असलेल्यांना ते जीवनावश्यक असू शकतं. हे व्याख्यान ऐकून कोणी घरी जाऊन ते बंद करू नये.

आता दुसरी बाजूही तितक्याच मोकळेपणाने मांडायला हवी. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने सौम्य रक्तदाबाच्या 17,354 माणसांवर केलेली चाचणी 1985 मध्ये प्रसिद्ध झाली. निष्कर्ष असा की 850 जणांना वर्षभर औषध दिलं तर एक पक्षाघात टळतो. काहींना हा लाभ फार तुटपुंजा वाटला. त्या काळच्या औषधांचे दुष्परिणामही जास्त होते. माझं म्हणणं असं: हा हिशोब खरा आहे आणि तो रुग्णापासून लपवू नये. पण ती चाचणी पाच-साडेपाच वर्षं चालली, आणि धमनी झिजते ती तीस-चाळीस वर्षं. पंचेचाळिशीत सुरू केलेल्या उपचाराचं बहुतांश फळ साठी-सत्तरीत मिळतं.

तसंच, ताठरपणा मोजून उपचार ठरवल्याने माणसं जास्त जगतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. फ्रान्समध्ये 536 रुग्णांवर झालेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्पार्ट’ चाचणीत एका गटाचे उपचार लाटेच्या वेगावर आणि दुसऱ्याचे नेहमीच्या मार्गदर्शक तत्त्वांवर बेतले होते. पहिल्या गटात औषधं अधिक दिली गेली, धमन्यांचं म्हातारपण रोखलं गेलं. पण झटके आणि मृत्यू यांत ठळक फरक दिसला नाही. अशा घटना मुळातच कमी होत्या, हे त्यामागचं एक कारण. म्हणून ‘धमन्यांचं वय सांगतो’ अशा जाहिराती करणाऱ्या तपासणी पॅकेजवर प्रत्येकाने पैसे खर्च करण्याची गरज नाही. साधं, नीट कॅलिब्रेट केलेलं रक्तदाबाचं यंत्र बहुतेकांना पुरतं. मात्र मोजणं नीट हवं. आधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकलेली, दंड हृदयाच्या उंचीवर आणि पट्टा दंडाच्या मापाचा असू द्या. दोन वेळा मोजा. दवाखान्यात 140/90 ही उंबरठ्याची रेषा मानली जाते, घरी मोजलेल्यासाठी ती 135/85 असते. डॉक्टरांसमोर चढणारा आणि घरी नीट असणारा रक्तदाब वेगळा ओळखला नाही, तर गरज नसलेली गोळी सुरू होते.

रक्तदाब खरोखरच 140 ते 159 आणि 90 ते 99 या पट्ट्यात असेल, आणि मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, आधीचा झटका यांपैकी काही नसेल, तर सुरुवातीला काही महिने राहणीमान बदलण्यासाठी देणं योग्य आहे. या बदलांचं मोलही धमनीच्या भाषेत मोजलं गेलं आहे. लंडनमध्ये सौम्य रक्तदाबाच्या 169 माणसांवर झालेला अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियाई वंशाचेही लोक होते. रोजचं मीठ साधारण पावणेदहा ग्रॅमवरून साडेसहा ग्रॅमवर आणलं, तेव्हा काही आठवड्यांतच रक्तदाब उतरला आणि लाटेचा वेगही थोडा घटला. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. आपल्या ताटातलं लोणचं, पापड, फरसाण, कोकणातली खारवलेली सुकी मासळी यांनी ही मर्यादा सहज ओलांडली जाते. रोज अर्धा तास झपाझप चालणं, वजन आटोक्यात ठेवणं, तंबाखू सोडणं यांनीही धमन्यांना फायदा होतो. पण तीन-चार महिन्यांत आकडे उतरले नाहीत, किंवा मधुमेह असला वा लघवीत प्रथिनं असली, तर गोळी पुढे ढकलू नये.

गोळीचे त्रासही सांगून ठेवायला हवेत, म्हणजे माणूस न सांगता ती सोडत नाही. ‘प्रिल’ गटाने कोरडा खोकला येऊ शकतो, अॅम्लोडिपिनने घोटे सुजू शकतात. दोन्हींना पर्याय आहेत. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावं. गर्भवतींनी आणि गर्भधारणेचा विचार असलेल्या स्त्रियांनी ही औषधं घेऊ नयेत, त्यांच्यासाठी वेगळी सुरक्षित औषधं आहेत.

या क्षेत्रात महाराष्ट्राचंही योगदान आहे. 1949 मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये मांडला. 50 रुग्णांवरच्या त्या लेखाने जगाचं लक्ष वेधलं आणि 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या काळी रक्तदाबावर परिणामकारक औषध मिळवणं हाच प्रश्न होता. आज औषधं आहेत, त्यांतली बरीच स्वस्त आहेत. आजचा प्रश्न ती रोज आणि वर्षानुवर्षं पोटात जाण्याचा आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या 15 वर्षांवरील सुमारे 21 टक्के स्त्रिया आणि 24 टक्के पुरुषांचा रक्तदाब वाढलेला आहे किंवा ते त्यावर औषध घेतात. 2017 पासून सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जिल्हेही आहेत. ठरलेली मोजकी औषधं, महिनाभराचा साठा एकदम, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, अशी त्याची साधी पद्धत आहे.

धमन्यांविषयी जे सांगितलं ते समजलं, की ही पद्धत का महत्त्वाची हे आपोआप पटतं. गोळी सोडली की दाबाचा वाटा काही दिवसांत परत चढतो. भिंतीची सुधारणा मात्र वर्षांच्या हिशोबाने होते, तिला खंड मानवत नाही. महिन्यातले वीस दिवस घेतलेलं उत्तमातलं उत्तम औषध, रोज घेतलेल्या साध्या औषधाची बरोबरी करू शकत नाही.

म्हणून शेवटी माझी मागणी दोन ठिकाणी आहे. माझ्या व्यवसायबंधूंकडे: सौम्य रक्तदाबाच्या रुग्णाला गोळी लिहून देताना पाच मिनिटं त्याच्या धमनीविषयी बोला, तिच्यात आज काय वाचवता येतं ते सांगा, आणि पुढच्या भेटीची तारीख त्याच्या हातात द्या. आणि शासनाकडे, स्थानिक स्वराज्य संस्थांकडे: प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात रक्तदाबाची मूलभूत औषधं बाराही महिने असली पाहिजेत. ‘साठा संपला, पुढच्या महिन्यात या’ हे वाक्य कोणत्याही रुग्णाला ऐकावं लागू नये. या सभागृहातल्या प्रत्येकाने आपल्या गावातल्या केंद्रात ही औषधं आहेत का, हे जाऊन विचारावं, आणि नसतील तर ग्रामसभेत, वॉर्ड सभेत तो मुद्दा मांडावा.